सहीला घरी कोण आहे?

पहाटे साडेपाच

जांब समर्थचा माणूस काकडआरतीला उठत असणार, असं पाहुण्यांना वाटतं. समर्थ रामदासांचं जन्मगाव, १६०८ च्या रामनवमीचा त्यांचा जन्म, गावात राममंदिर. तेव्हा वाटणं साहजिक आहे. मी उठतो तो टपालाचा क्रमांक टाकून बघायला. दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आय-एन. गच्चीच्या एकाच कोपऱ्यात नेट धरतं, तिथं शाल पांघरून उभं राहायचं आणि गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायचं.

आजचा निरोप असा की पार्सल रात्री सब पोस्ट ऑफिसला पोचलं. म्हणजे आज, शुक्रवारी, ते गावात येणार. खरं तर आनंदाची बातमी. पण शुक्रवारी दिवसभर आमच्या घराला कुलूप असतं, आणि हे पार्सल सहीशिवाय कुणाच्या हातात पडणार नाही.

पार्सलात एक रुपया आहे. हैदराबाद संस्थानचा, मीर उस्मान अली खानाच्या राजवटीतला. एका बाजूला चारमिनार, आणि त्याच्या मधल्या कमानीत एकच अक्षर: ऐन, म्हणजे उस्मानचं आद्याक्षर. त्याच्या आधीच्या महबूब अली खानाच्या रुपयावर त्याच जागी मीम असतं. उस्मान अली १९११ साली गादीवर आला. अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हे ऐन अर्धवट आहे, पुढच्या नाण्यांवर ते पूर्ण उमटलं. मला हवा होता तो अर्धवट ऐनचा. वजन अकरा ग्रॅमच्या किंचित वर, आणि सोळा आण्यांत तेरा आणे चांदी. असले तपशील तोंडपाठ असणाऱ्या माणसाला गावात काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

मराठवाड्यात राहून निजामाची नाणी जमवायची नाहीत तर काय जमवायचं? हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. माझी आजी रुपयाच्या हिशेबात ‘हाली का कलदार?’ असं विचारायची. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा. तिच्या ट्रंकेतल्या फडक्यात बांधलेला एक हाली रुपया माझ्याकडे आला, तिथून हा नाद सुरू झाला.

सकाळी सात

चहा होईपर्यंत घरात एकच चर्चा. बायको अंगणवाडी सेविका आहे, तिला साडेनऊच्या आत पोचायचं असतं आणि परत येईस्तोवर दुपार कलते. आई कापूस वेचायला शेतात जाणार, कारण मजूर मिळालेत ते आजच्या दिवसापुरते आणि त्यांच्या मागं उभं राहायला कुणीतरी हवं. मुलगा अंबडला शिकायला. मी शिक्षक, जिल्हा परिषदेच्या शाळेवर, इथून पंचवीसेक किलोमीटर लांब.

“अहो, मग सहीला घरी कोण आहे?” बायकोनं विचारलं.

कुणीच नाही. नोकरी करणाऱ्या दोन माणसांच्या घरात कामाच्या दिवशी अकरा ते तीन कोण असतं? एकत्र कुटुंब होतं तेव्हा ओट्यावर एखादे आजोबा बसलेले असायचे. मनीऑर्डर आली, रजिस्टर आलं, की चष्मा शोधत सही करायचे. टपालाचं सगळं वेळापत्रक त्या ओट्यावरच्या आजोबांना धरून आखलेलं आहे. आजोबा गेले, वेळापत्रक राहिलं.

आई म्हणाली, “शेतात आणून दे म्हणावं पोस्टाच्या पोराला.” तिच्या हिशेबानं हे सोपं आहे. पोस्टमन गावचाच, त्याला आमचं शेत ठाऊक. पण पार्सलावर घराचा पत्ता आहे आणि नाव माझं आहे. कापसाच्या वळीत उभं राहून फोनच्या काचेवर बोटानं सही करणं आईला जमेलही, पण सीलची फीत बघून घे, कोपरा फाटलाय का बघ, वजन लेबलशी जुळतंय का बघ, हे तिला कसं सांगायचं? आणि ते बघितल्याशिवाय केलेली सही माझ्या काही कामाची नाही.

ही गोष्ट नाणी न जमवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कपड्यांचं पार्सल शेजारी ठेवलं तरी चालतं. साडीचा रंग आवडला नाही तर परत. इथं सही म्हणजे ‘सीलबंद आणि धड मिळालं’ अशी कबुली. त्यानंतर पाकिटातून नाणं गायब निघालं, तर विक्रेता म्हणणार पोचपावती बघा, पोस्ट म्हणणार पोचपावती बघा. म्हणून आजकाल बरेच विक्रेते आधीच सांगून ठेवतात की पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, नाहीतर तक्रार ऐकणार नाही. लेबलवर नोंदणीच्या वेळचं वजन छापलेलं असतं, ते मी गावच्या सोनाराच्या काट्यावर पडताळून बघतो. सोनार हसतो, पण काटा देतो.

सव्वानऊ

मोटरसायकल काढली. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, मधूनमधून ऊस. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे समोरून टपालाची थैली येताना दिसली. मी हात केला, त्यानं हात केला. त्या थैलीत माझा रुपया आहे हे मला माहीत, त्यालाही बहुतेक माहीत. दोघंही थांबलो नाही.

थांबून उपयोग नसतो. थैली बंद असते. ती शाखा डाकघरात उघडायची, आतल्या वस्तू यादीशी ताडून बघायच्या, मोबाइलवर नोंद करायची आणि मग वाटपाला निघायचं. रस्त्यात कुणी थैली सोडून ‘घ्या गुरुजी’ म्हणू लागलं, तर पहिली तक्रार मीच करीन. ही शिस्त आहे म्हणून तर लोक अकरा ग्रॅम चांदी एका पाकिटात घालून शेकडो मैल पाठवतात. तरी पार्सल माझ्या घराकडे आणि मी पार्सलाकडे पाठ करून, असे आम्ही एकमेकांना ओलांडून जातो, तेव्हा मनात काय येतं ते छापण्याजोगं नाही.

साडेदहा ते एक

शाळा भरली. फोन पिशवीत, पिशवी कपाटात. वर्गात फोन वाजता कामा नये, हे मला मान्य आहे.

आता टपालाच्या नव्या व्यवस्थेकडे बघा. २०२५ पासून रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दरही बदलले, २०१२ नंतर पहिल्यांदा. आधी रजिस्टर म्हटलं की ज्याचं नाव त्याच्याच हातात, आणि स्पीड पोस्ट म्हटलं की त्या पत्त्यावर, असा फरक होता. आता स्पीड पोस्टावरच वर पाच रुपये आणि कर भरला की ‘नोंदणी’ मिळते, म्हणजे नाव असेल त्यालाच किंवा त्यानं नेमलेल्या माणसालाच वाटप. आणखी पाच रुपये आणि कर भरला की ओटीपी. पार्सल घेणाऱ्याच्या फोनवर आकडे येतात, ते पोस्टमनला सांगितले तरच वस्तू हाती पडते.

शहरातल्या संग्राहकांनी या ओटीपीचं स्वागत केलं. ऑफिसातून फोनवर आकडे सांगता येतात, घरी बायको पार्सल घेते. माझं काय? आकडे येणार सव्वाअकराला, मी फळ्यापाशी, फोन कपाटात. वर पाकिटावर फोन क्रमांक कोणता लिहायचा ते विक्रेत्याच्या हातात. आधीच्या एका वेळी त्यानं माझा जुना क्रमांक लिहिला होता, आणि ते आकडे नगरच्या कुणा अनोळखी माणसाला गेले. त्या माणसानं सज्जनपणे मला शोधून काढलं हे माझं नशीब.

मधल्या सुट्टीत फोन बघितला. न घेतलेला एक कॉल. परत लावला.

“सर, घराला कुलूप हाय.”

“माहीत आहे हो. शेजारी देता येतं का?”

“कसं देऊ? विमा हाय त्याच्यावर. उद्या मला कुणी इचारलं तर?”

बरोबर आहे त्याचं. नाणी, सोनं-चांदी टपालानं पाठवायची तर विमा उतरवायचा, हा टपालाचा जुनाच दंडक. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, तरी वस्तू ज्याची त्याच्याच हाती द्यायची हे तत्त्व काही बदललं नाही. पोस्टमन म्हणाला, “परत नेतो मग. उद्या या घ्यायला.” फोनवर निरोप उमटला: घर बंद, वस्तू पोस्टात ठेवली.

पोस्टात ती साधारण सात दिवस राहते. त्यात नेलं नाही तर पाठवणाऱ्याकडे परत. सात दिवस ऐकायला भरपूर वाटतात. पण खेड्यातलं शाखा डाकघर दिवसभर उघडं नसतं. ते ग्रामीण डाक सेवक चालवतात, आणि त्यांचं कामच मुळी दिवसाचं चार-पाच तासांचं ठरलेलं आहे. ते तास कोणते? सोमवार ते शुक्रवार मी शाळेत असतो नेमके तेच.

पोस्टमनचा राग येत नाही तो याच्यामुळे. त्याची नेमणूकच अशी आहे की दुसरं काही उत्पन्नाचं साधन असावं हे गृहीत धरलेलं. उरलेल्या वेळात तो शेती करतो. संध्याकाळी सहाला त्याच्या घरी जाऊन ‘जरा पोस्ट उघडता का’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या म्हशीच्या धारांच्या वेळी माझ्या छंदाचं ओझं त्याच्या अंगावर टाकायचं. काही लोक टाकतात. मी टाकत नाही.

दुपारी अडीच

सहावीचा गणिताचा तास. गुणोत्तर आणि प्रमाण. पार्सल हुकलं तो राग मी फळ्यावर काढला.

“सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. तर शंभर कलदारांचे हाली किती?”

हा दर खरा आहे. निजामाच्या राज्यात दोन्ही नाणी चालायची आणि सातास सहा असा हिशेब होता. संस्थान भारतात आल्यावरही हाली काही वर्षं भारतीय रुपयाशेजारी चालला. मुलांनी गुणलं, भागलं. एकशे सोळा पूर्णांक दोन तृतीयांश. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, दोन तृतीयांश रुपया कसा द्यायचा?” हाच प्रश्न यायला हवा होता. मग रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया. दोन तृतीयांश रुपया म्हणजे दहा आणे आठ पया. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पया हाली. जुन्या दप्तरांत हा आकडा असाच लिहिलेला सापडतो. जालन्याच्या मोंढ्यात कापूस विकून कलदार घेतलेल्या शेतकऱ्याला सरकारी सारा हालीत भरताना ही आठ पयांची कटकट रोज करावी लागली असणार.

“तुमच्याकडं आहे का सर तो रुपया?”

“आहे. पोस्टात आहे.”

वर्ग हसला. त्यांना तो विनोद वाटला.

मुलांना मी नेहमी सांगतो की आपल्या जिल्ह्यात नाण्यांचा इतिहास निजामाच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथं १९७० च्या दशकात उत्खनन झालं. सातवाहनांची राजधानी पैठण आपल्या शेजारी. मुहम्मद तुघलकानं १३३० च्या सुमारास पितळेची-तांब्याची सांकेतिक नाणी काढून राज्याचा हिशेब बुडवला, त्यातली कित्येक दौलताबादच्या टांकसाळीतली. हे सगळं आपल्या आसपासच. आणि नाशिककडे जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचं नाणं वितळवण्याचा खर्च वाचवला आणि विजयाची दवंडीही पिटली. इतका हुशार कारभार आजच्या एखाद्या खात्यात दिसला तर मला कळवा.

सव्वापाच

परतीच्या वाटेवर पोस्टावरून गेलो. कुलूप. अपेक्षाच दुसरी नव्हती.

शेजारच्या किराणा दुकानदाराला मी मागे विचारून ठेवलं होतं. नेमलेल्या माणसाला लेखी अधिकारपत्र देऊन टपाल घ्यायला लावता येतं. त्याचं दुकान पोस्टाला लागून, दिवसभर माणूस हजर, सही करता येते, माझा विश्वास. सगळं जुळत होतं. तो म्हणाला, “साधं टपाल असंल तर घेतो गुरुजी. विम्याचं नको. उद्या डब्बी रिकामी निघाली तर तुमच्या मनात काय येईल?” मी म्हणालो, काही येणार नाही. तो म्हणाला, “आज नाही येणार. तवा येईल.” मला त्याला खोटं पाडता आलं नाही.

गावात या सावधपणाला आणखी एक कारण आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या राममंदिरातल्या पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या. त्याच वर्षी पोलिसांनी चोर पकडून मूर्ती परत मिळवल्या, पण मधले ते दिवस गाव विसरलेलं नाही. तेव्हापासून ‘जुनं’ आणि ‘धातूचं’ हे दोन शब्द एकत्र आले की माणसं जरा मागं सरकतात. त्यात चूक काही नाही. शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर ते कलेक्टरला कळवावं असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. नांगराला लागलेलं नाणं कुणी माझ्याकडे विकायला आणलं तर मी हात लावत नाही.

म्हणूनच सही नको, असं मी कधीच म्हणणार नाही. पाठवणाऱ्याचं नाव, नोंदणीची तारीख, विम्याची रक्कम, वाटेवरचा प्रत्येक टप्पा आणि शेवटी माझी सही: माझ्याकडचं नाणं कुठून आलं याचा एवढा पक्का कागद दुसरा कोणता? उद्या दारात पोलीस आले तर मी अल्बमच्या आधी ती फाईल पुढं करीन.

संध्याकाळी साडेसात

जेवणाआधी दोन फोन. आमच्यासारख्यांचा काही क्लबबिब नाही, ओळखीतून ओळखी झालेल्या.

अंबडकडचे एक एसटी वाहक, त्यांचा छंद शिवराईचा. ‘श्री राजा शिव’ आणि मागं ‘छत्र पति’, तांब्याचं ते नाणं, शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढं दीडशेवर वर्षं कुणाकुणाच्या टांकसाळीत पडत राहिलं. अक्षरांची वळणं शेकडो प्रकारची, आणि बनावट नाणीही तितकीच. म्हणून ते आल्याबरोबर भिंग लावून बघायचं आणि खोटं असेल तर लगेच कळवायचं, अशी अट. यांची ड्यूटी मुक्कामी गाडीची. पार्सल आलं तेव्हा ते परतूरला, परत येईस्तोवर विक्रेत्याची तीन दिवसांची मुदत संपलेली. सहीच्या तारखेपासून मुदत धरा, म्हणून भांडले. विक्रेता म्हणाला, पोस्टात पोचल्यापासून धरतो. हे मला अन्यायाचं वाटतं. माल हातात नाही तर तपासणार काय?

दुसऱ्या जालन्याच्या परिचारिका. त्यांना रात्रपाळी, म्हणजे दिवसा घरी असतातच. पण झोपलेल्या. बेल ऐकू येत नाही. जागं राहून पोस्टमनची वाट बघितली की रात्री वॉर्डात डोळे मिटतात. त्या भारतीय टांकसाळींचे स्मारक संच घेतात, मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याला काहीच खूण नाही, हे त्यांनी मला शिकवलं.

खासगी कुरिअरची गोष्ट निघाली. बहुतेकांच्या अटींत नाणी, नोटा आणि सोनं-चांदी घेत नाही असं लिहिलेलं असतंच, पण विक्रेते ‘भेटवस्तू’ लिहून पाठवतात. असं एक पार्सल माझ्याकडे यायचं होतं. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा निरोप आला तेव्हा मी रविवारी घरच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होतो. गावात त्या दिवशी कुरिअरची गाडी फिरकलीच नव्हती. पुढं कळलं की आमच्या बाजूला ते येतच नाहीत, मोठ्या गावाला येऊन घेऊन जा म्हणतात. आणि ‘भेटवस्तू’ लिहिलेल्या पाकिटात नाणं होतं हे सिद्ध कसं करायचं? नाणी जमवणाऱ्यानं हा रस्ता धरू नये, माझं मत पक्कं आहे.

शाळेच्या पत्त्यावर का नाही मागवत, असं दोघांनीही विचारलं. मागवता येतं. तिथलं टपाल येतं तेव्हा मी तिथंच असतो, माझ्या हातानं सही होते. पण विक्रेते नोंदवलेल्या पत्त्यावरच पाठवायचं म्हणतात, आमच्या बदल्या होतात तेव्हा पत्ता बदलावा लागतो, आणि ‘विमा’ असं लिहिलेलं पाकीट मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलं की सरपंचापासून शालेय पोषण आहाराच्या मावशींपर्यंत सगळ्यांना गुरुजींनी काय मागवलं ते ठाऊक होतं. मग पंचवीस किलोमीटर अंधारात मोटरसायकल, खिशात चांदी. नको.

अमेरिकेत नाणी जमवणाऱ्या नोकरदारांचीही रड हीच: महाग नाणं म्हटलं की सही, आणि सहीच्या वेळी घरी कुणी नाही. तिथं निदान पार्सल पोस्टातच धरून ठेवा असं आधी सांगता येतं. आमच्याकडे नेमकी तीच सोय ठसठशीतपणे नाही. पोस्टमननं आधी घरी यायचं, कुलूप बघायचं, परत जायचं, आणि मग मी खिडकीवर जायचं. घराला कुलूप असणार हे सोमवारीच माहीत असताना त्याला शुक्रवारी उन्हातून हेलपाटा का?

रात्री साडेनऊ

बायको झोपली. अल्बम काढला. हालीच्या पानावर एक खण रिकामा आहे, त्याच्या खाली पेन्सिलीनं ‘अर्धवट ऐन’ लिहून ठेवलंय. ते बघून अल्बम मिटला आणि विक्रेत्याला निरोप लिहिला. पुढच्या वेळी नाणं बुधवारी टपालात टाका. बुधवारी टाकलेलं शुक्रवारी सब पोस्ट ऑफिसला आणि शनिवारी गावात येईल असा माझा अंदाज. सोमवारी टाकलं की ते बरोबर कुलपापाशी येतं. चांगले विक्रेते ऐकतात. पाकिटावर माझा चालू फोन क्रमांक आणि ‘पोस्टातून घेणार’ एवढं ठळक लिहायलाही सांगितलंय. त्याला कायद्याचा आधार असो नसो, पोस्टमन वाचतो.

आणि पोस्टखात्याला, हे कुणी वाचत असेल तर, एकच मागणी आहे. सही ठेवा, विमा ठेवा, ओटीपीही ठेवा. पण नोंदणी करतानाच ‘खिडकीवर ठेवा’ असा एक पर्याय द्या आणि आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी म्हणा हवं तर, शाखा डाकघराची खिडकी संध्याकाळी पाच ते सात उघडी राहू द्या. त्या दोन तासांचे पैसे डाक सेवकाला वेगळे द्या, फुकट राबवू नका. याचा फायदा फक्त माझ्यासारख्या नाणेवेड्यांना नाही. बँकेचं कार्ड, पासपोर्ट, कोर्टाची नोटीस, मुलीच्या नोकरीचं पत्र, सगळं याच सहीपाशी अडतं, आणि कामावर गेलेल्या माणसाच्या घराला सगळीकडे कुलूपच असतं.

उद्या शनिवार. सकाळची शाळा साडेअकराला सुटते, आणि पोस्ट उघडं असतं.